किल्ली फिरली

सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि गाडीची किल्लीच फिरेना. स्टीअरिंग लॉक झालं असेल तर ते डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवली की सुटतं. तेही केलं. नाहीच. शेवटी रिक्षाने जाऊन आलो आणि दुपारी गाडीत ठाण मांडलं.

इग्निशन लॉकमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना बारीक स्प्रिंगा. किल्लीच्या खाचांनी सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या तरच लॉक फिरतं. एक चिकटली की संपलं. गेल्या पावसाळ्यात मी आत शिवणमशीनचं तेल सोडलं होतं, ती माझी चूक. तेलावर धूळ बसून त्याचा चिकटा होतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, लॉकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, म्हणजे तेलकट घाण धुऊन स्वतः उडून जाणारा स्प्रे. किल्ली आत-बाहेर करायची, फडक्याला पुसायची. फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत तेच. मग ६बी पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून ती पूड किल्लीला चोळली. हे शिसं म्हणजे ग्राफाइट. ते कोरडं, त्यावर धूळ चिकटत नाही.

तरी अडतच होती. मग आई म्हणाली, "अरे, ह्यांनी दुसरी किल्ली ठेवली होती ना!"

कपाटात पानाची जुनी डबी, त्यावर बाबांच्या अक्षरात 'गाडी, जादा'. दोन्ही किल्ल्या शेजारी धरल्या. रोजच्या किल्लीच्या खाचा झिजून गोल झालेल्या, हिच्या कडा अजून कोऱ्या. वायर जोडली, ही घातली. अलगद फिरली.

गाडी लगेच बंद करवेना. आई दारात उभी राहून ऐकत होती.

उद्या बाबांच्या किल्लीवरूनच नवी करून घेणार.