तळलेलं काकडीचं लोणचं घरी करताना: माझा अनुभव

‘तेलातलं लोणचं पुन्हा तेलात?’ आईने फोनवर विचारलं, तेव्हा तिला आधी लोणचंच समजावून सांगावं लागलं. अमेरिकेतल्या या लोणच्यात ना तेल, ना मोहरीची डाळ, ना लाल तिखट. कोवळ्या काकड्या, पाणी, मीठ, व्हिनेगर, लसूण आणि शेपू, बस. त्याच्या चकत्या पिठात घोळवून तळायच्या. आम्ही राहतो त्या आर्कान्सा राज्यातच हा पदार्थ नावारूपाला आला. इथल्या ॲटकिन्स नावाच्या लहानशा गावात बर्नेल ऑस्टिन यांनी १९६३ साली आपल्या ‘डचेस ड्राइव्ह-इन’ या खाण्याच्या ठिकाणी तो विकायला सुरुवात केली. गावातच लोणच्याचा कारखाना होता, त्यामुळे मालाची ददात नव्हती. त्या गावात अजूनही मे महिन्यात लोणच्याचा उत्सव भरतो.

बाहेर खाल्लेलं हे तळण कधी फार सुरेख असतं, तर कधी आवरण एकीकडे आणि चकती दुसरीकडे. घरी मला पहिलंच हवं होतं: वरून कुरकुरीत, आत गरम, आंबट आणि दाताखाली करकरणारी काकडी. बऱ्याच खटपटीनंतर ते जमलं. यात सगळी मेख पाण्यात आहे. खेकडा भजी करताना आपण कांद्याला मीठ चोळतो, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतो. इथे नेमकं उलटं. चकतीवर पाणी राहिलं की तेलात त्याची वाफ होते आणि ती आवरणाला आतून ढकलून सुटं करते.

म्हणून मी चकत्या आधी चाळणीत निथळते, मग सुती पंचावर एकेरी पसरून, न झाकता तासभर फ्रिजमध्ये ठेवते. तळायला घेताना पुन्हा दोन्ही बाजूंनी टिपून घेते. हे कंटाळवाणं काम आहे, पण यातच निम्मा पदार्थ होतो. चकती साधारण पाव इंच जाडीची हवी. नागमोडी कापलेल्या मिळाल्या तर उत्तम, त्या खाचांत पीठ छान धरून बसतं. उभ्या फोडी मी घेत नाही. त्यांच्या पोटात पाणी फार, तळणीत आवरण फुटतं.

पीठ तीन टप्प्यांत लागतं. आधी मैदा आणि कॉर्नस्टार्च समप्रमाणात, कोरडंच. मग ताकात फेटलेलं अंडं. इथलं ताक दाट असतं, जवळजवळ फेटलेल्या दह्यासारखं. शेवटी मैदा आणि मक्याचा बारीक रवा, त्यात तिखट, मिरपूड, लसणाची पूड. मीठ अजिबात नाही, लोणच्यात भरपूर असतं. बेसनही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याची चव इतकी पुढे येते की शेपूचा वास दबतो. घोळवलेल्या चकत्या दहा मिनिटं जाळीवर ठेवल्या की पीठ ओलसर दिसू लागतं. तसं दिसलं की ते धरलं म्हणायचं.

तेल मी शेंगदाण्याचं वापरते. अमेरिकेच्या दक्षिणेतही तळणीला तेच आवडीने घेतात, त्यामुळे सहज मिळतं. एरवी मी पिठाचा कण टाकून तेल जोखते, इथे मात्र थर्मामीटर लावते. १९० अंश सेल्सिअस. तेल थंड असेल तर आवरण कडक होण्याआधीच ते पिऊन घेतं. फ्रिजमधल्या चकत्या पडल्या की तापमान झपकन उतरतं, म्हणून घाणा लहान ठेवायचा आणि पुढचा घालण्याआधी तेल परत तापू द्यायचं. सुरुवातीला बुडबुडे जोरात उसळतात. ते मंदावले आणि रंग बदामी आला की झाऱ्याने काढायच्या. कागदावर नाही, जाळीवरच. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. आणि पहिला घाणा निघाला की घरच्यांना ओट्याजवळच बोलवावं, हे गार करून वाढण्याचं काम नाही.

सोबत इथे रँच, म्हणजे बुडवून खायचं दाट पांढरं सॉस, देतात. मी टांगलेल्या दह्यात ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला शेपू आणि मिरपूड घालते, ते जास्त ताजं लागतं.

पुण्यात बहिणीने हे केलं तेव्हा बाटलीतल्या घेरकिन, म्हणजे लोणच्याच्या छोट्या काकड्या, वापरल्या. कर्नाटकात त्या खूप पिकतात आणि बऱ्याचशा परदेशात जातात, पण मोठ्या दुकानांत मिळतात. तिने दाट ताकाऐवजी दही थोड्या दुधात फेटलं, काहीच बिघडलं नाही. विकत घेताना बाटलीवरचे घटक तेवढे वाचा. गोड प्रकारात साखर असते, ती तेलात लवकर करपते आणि काकडी गरम व्हायच्या आत आवरण काळवंडतं.