ताप सोमवारी आला, मोजणी रविवारपासून

आमच्या सहा वर्षांच्या मुलाला फ्लू झाला तेव्हा घरात चार महिन्यांची धाकटी होती आणि आई, म्हणजे माझ्या सत्तरीच्या सासूबाई, ज्यांना दमा आहे. म्हणजे ज्यांना फ्लू होताच कामा नये अशी दोन माणसं, आणि आमच्याकडे झोपायच्या खोल्या दोन, बाथरूम एकच. लहान बाळ असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

सोमवारी संध्याकाळपर्यंत तो बरा होता आणि मग तासाभरात एकदम १०२ ताप, थंडी वाजतेय, पाय दुखतायत म्हणून रडायला लागला. साध्या सर्दीत असं होत नाही, नाक गळतं, हळूहळू अंगात कणकण येते, पण हे अचानक होतं. त्याच रात्री नवरा आणि तो एका खोलीत, मी, धाकटी आणि आई दुसऱ्या खोलीत, असं केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकातला स्वॅब घेतला, इन्फ्लुएन्झा निघाला.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते डॉक्टरांच्या एका वाक्याने. त्यांनी विचारलं, ताप यायच्या आदल्या दिवशी कोण कोण जवळ होतं? कारण फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देऊ शकतो. आणि रविवारी दुपारभर धाकटी त्याच्या मांडीवर होती, तो तिचे पापे घेत होता. लागण झाल्यापासून लक्षणं यायला १ ते ४ दिवस लागतात, म्हणजे सोमवारी रात्री दोघांना वेगळं केलं तिथून धरून शुक्रवारपर्यंत मला नुसतं मोजत बसायचं होतं.

मुलाला ऑसेल्टामिविर सुरू केलं, दिवसातून दोनदा, ५ दिवस. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून "बघू दोन दिवस" करत थांबलो नाही ते बरं झालं. आईंना दमा असल्यामुळे त्यांना तेच औषध दिवसातून एकदा, लागण होऊ नये म्हणून दिलं. हे आम्हाला माहीतच नव्हतं, मी फक्त घरात कोण कोण आहे ते सांगितलं म्हणून विषय निघाला, तेव्हा ते नक्की सांगा. आईंनी विचारलं अँटिबायोटिक का नाही दिलं, तर फ्लू व्हायरसने होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, आणि मुलांना ॲस्पिरिन अजिबात नाही हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

घरातलं मुख्य काम म्हणजे आजारी माणसाजवळ एकानेच जायचं. ते नवऱ्याने केलं. सहा वर्षांच्या मुलाला खोलीत एकटं ठेवणं शक्यच नाही, आणि तो मास्क दहा मिनिटांच्या वर ठेवत नव्हता, म्हणून मास्क नवऱ्याने घातला आणि खिडकी दिवसरात्र उघडी ठेवली. टॉवेल, ग्लास, ब्रश सगळं वेगळं. आमचे चौघांचे ब्रश एकाच कपात एकमेकांना टेकून असायचे, हे आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं. स्टील, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर हा व्हायरस २४ ते ४८ तास राहू शकतो, म्हणून नळ, कडी, लाइटची बटणं, रिमोट, मोबाइल रोज दोनदा पुसायचे. बाथरूम ते दोघं शेवटी वापरायचे, मग खिडकी उघडी, नळ पुसलेला. हात साबणाने २० सेकंद, साबण नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोलवालं सॅनिटायझर. भांडी मात्र वेगळी घासायची गरज नाही, साबणाने नीट घासली की पुरे.

सगळ्यात कठीण गेलं ते दाराबाहेर उभं राहणं. तो आतून "आई ये ना" म्हणायचा आणि मी बाहेर, कारण मला धाकटीला पाजायचं होतं. आईच्या दुधातून फ्लू जात नाही, उलट दुधातून बाळाला अँटिबॉडीज मिळतात, म्हणून पाजणं थांबवायचं नव्हतं, फक्त हात धुऊन आणि मास्क लावून पाजायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. मी गरोदरपणात घेतली होती, तेवढाच त्या दिवसांत मला धीर होता.

बुधवारी रात्री नवऱ्याला ताप भरला. त्याने त्या वर्षीची लस उद्या उद्या करत घेतली नव्हती, आणि आता घेऊन फायदा नव्हता कारण लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. मग दोघं आजारी एकाच खोलीत, मी दाराशी सामान ठेवून मागे व्हायचे. मुलाचा श्वास जोरात चालतोय का, ओठ निळसर होतायत का, लघवी कमी झालीय का, उतरलेला ताप परत चढतोय का, यातलं काही दिसलं की लगेच न्यायचं, हे कागदावर लिहून दाराला चिकटवलं होतं.

गुरुवारी पहाटे धाकटी शिंकली आणि मी उजाडेपर्यंत थर्मामीटर घेऊन बसले. ९८.४. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिला झालं नाही, आईंनाही नाही. नेमकं कशामुळे वाचलो ते मी सांगू शकत नाही, सगळंच एकदम केलं होतं.

मुलाचा ताप औषधाशिवाय पूर्ण २४ तास गेल्यावरच त्याला शाळेत पाठवलं. पण लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस व्हायरस सोडू शकतात, म्हणून बहिणीला दहा दिवस लांबूनच बघायचं असं ठरवलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी तो उठला, न सांगता हात धुऊन आला आणि मला विचारलं, आता घेऊ? त्याचा खोकला अजून थोडा आहे, आणि नवऱ्याची लस येत्या शनिवारी आहे, कारण एक प्रकारचा फ्लू होऊन गेला तरी बाकीच्या प्रकारांसाठी ती लागतेच.