हिचं स्टँड कुठाय?

इंग्लंडमध्ये दुकानदारानं नवी सायकल विकताना तिला घंटी लावूनच द्यायची, असा नियम आहे. 2010 च्या सायकल सुरक्षा नियमांत तो आहे. घरी येऊन तुम्ही ती घंटी काढून टाकलीत तरी कुणी विचारत नाही, पण दुकानाबाहेर पडताना हँडलवर ती हवीच. अंधारात सायकल चालवायची तर पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा, शिवाय लाल रिफ्लेक्टर. आणि सायकल 1 ऑक्टोबर 1985 नंतर बनलेली असेल तर पायडलनाही नारिंगी रिफ्लेक्टर. तारखेसकट! इतकं सगळं बारकाईनं लिहिणाऱ्या या लोकांनी सायकल थांबल्यावर तिचं काय करायचं हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलंय.

माझ्या हे लक्षातही आलं नसतं. ऑफिसच्या सायकल योजनेतून (पगारातून हप्ते जातात, टॅक्स वाचतो) मी नवी सायकल घेतली आणि हौसेनं व्हिडिओ कॉलवर मिरजेला दाखवली. आई रंगाला छान म्हणाली. बाबांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हिचं स्टँड कुठाय गं?"

नव्हतं. साडेपाचशे पौंडांच्या सायकलला स्टँड नव्हतं.

"मग उभी कशी राहिलीय?"

"भिंतीला टेकवलीय बाबा."

"एवढे पैसे घेऊन अर्धीच दिली की त्यांनी!"

मी तेव्हा इंग्रजांची बाजू घेतली. इथं असंच असतं, वजन वाढतं, चांगल्या सायकलींना नसतं वगैरे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला ही खोड लागते. घरच्यांनी इथलं काही काढलं की आपण वकील होतो आणि इथल्यांनी घरचं काही काढलं की पुन्हा वकील.

नंतर दुकानात जाऊन मी विचारलंच. काउंटरमागच्या पोराच्या चेहऱ्यावर आधी 'आपल्याला नीट ऐकू आलं नसावं' असा भाव आला. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "ते लहान मुलांच्या सायकलींना असतं." मोठ्या माणसांच्या सायकलला स्टँड लावलं की वजन वाढतं, ते खडखडतं, ते धरून ठेवणारा क्लॅम्प आवळला की फ्रेमच्या मागच्या नळ्या चेपतात, आणि "दिसतंही बरं नाही." शेवटचं कारण त्यानं सर्वांत हळू आवाजात सांगितलं. खरं कारण तेच, हे मला तिथंच कळलं.

आता हे केंब्रिज आहे, हे लक्षात घ्या. अख्ख्या इंग्लंडात सर्वांत जास्त सायकली चालतात त्या इथं. विद्यार्थी, प्रोफेसर, हॉस्पिटलच्या नर्सेस, पोरांना पुढच्या पेटीत बसवून शाळेत सोडणारे बाप, सगळे सायकलवर. आणि या सगळ्या सायकली कशाला ना कशाला टेकलेल्या. कॉलेजच्या भिंतीला, दिव्याच्या खांबाला, चर्चच्या कुंपणाला, एकमेकींना. निम्म्या कुंपणांवर पाटी असते की इथं लावलेल्या सायकली काढून नेल्या जातील. पाटीखाली सायकली असतातच. ते पाहून मला जरा घरच्यासारखं वाटतं, हे खरं.

पण आमच्या गल्लीत मात्र चिठ्ठी आली. आमची घरं एकमेकांना चिकटून, दार उघडलं की थेट फुटपाथ. मी सायकल नेहमी आमच्या खिडकीखाली टेकवायची. एकदा सामान जड होतं म्हणून शेजारच्या खिडकीखाली टेकवली आणि पिशव्या आत ठेवून आले. तेवढ्यात सीटखाली घडी घातलेला कागद: कृपया आपली सायकल आमच्या भिंतीला टेकवू नये, धन्यवाद. 'कृपया'खाली रेघ मारलेली. सही नाही, नाव नाही. त्या घरातले आजोबा मला रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणतात. दुसऱ्या दिवशीही तितक्याच प्रेमानं म्हणाले. मीही म्हणाले.

मला राग चिठ्ठीचा नाही आला. भिंत त्यांची, रंग त्यांनी नुकताच दिलेला, हँडलच्या रबराचा काळा ओरखडा उठतो हेही खरं. राग आला तो या व्यवस्थेचा. बसमध्ये कोपर लागलं तर तीनदा सॉरी म्हणणारा हा देश. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी परवानगी मागणारा. आणि याच देशानं असं वाहन पसंत केलंय जे दुसऱ्याच्या भिंतीशिवाय उभंच राहू शकत नाही! बिनस्टँडच्या सायकलला भिंत लागते, आणि भिंत कुणाची ना कुणाची असतेच. ही साधी गोष्ट मी ऑफिसात मांडली तर सगळे हसले. मग एकानं गंभीरपणे सुचवलं की ब्रॉम्प्टन घे. ब्रॉम्प्टन म्हणजे लंडनला बनणारी घडीची सायकल. तिचं मागचं चाक फ्रेमखाली दुमडलं की ती आपोआप उभी राहते. म्हणजे स्टँड नको म्हणून अख्खी सायकल दुमडायची. किंमत विचारू नका.

आमच्या घरी हर्क्युलिस होती. काळी, वीस किलोच्या पुढची, मागच्या चाकाच्या आसाला दोन पायांचं स्टँड. डाव्या हातात हँडल, उजव्या हातानं कॅरिअर धरायचं, स्टँडवर पाय देऊन सायकल मागं ओढायची की ती खट्कन चढायची. मागचं चाक जमिनीपासून वर. बाबा तशीच उभी करून चेनला तेल द्यायचे आणि मी हातानं पायडल फिरवायची. डायनॅमो टेकवला की पुढचा दिवा पिवळा व्हायचा, आणखी जोरात फिरवलं की पांढरा. गहू भरलेला डबा कॅरिअरला बांधताना सायकल जागची हलायची नाही. दूधवाले दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लटकवून ती दारात उभी करायचे आणि निवांत माप घालत बसायचे. भिंतीला टेकवून हे करून दाखवा. (बाजारातल्या रांगेत एकीला धक्का लागला की ओळीनं सगळ्या पडायच्या, ते सोडा. तो आमच्या गर्दीचा दोष, स्टँडचा नाही.)

आणि ही हर्क्युलिस कुणाची? बर्मिंगहॅमची! 1910 च्या सुमारास तिथं सुरू झालेली कंपनी. 1949 मध्ये मुरुगप्पा या उद्योजक घराण्यानं ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीबरोबर मद्रासला कारखाना काढला आणि ती आपली झाली. रॅलेचंही तसंच. मूळ नॉटिंगहॅम, आणि आपल्याकडं सेन-रॅले आसनसोलला. ज्यांनी ही दणकट सायकल आपल्याला दिली त्यांच्याच देशात आता ती जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसते. नॉटिंगहॅमला सायकल बनवणं 2002 मध्येच थांबलं. इथले जुने पोस्टमन आणि खाटकाची डिलिव्हरी करणारी पोरं स्टँडच्याच सायकली वापरायची. ज्याला ओझं वाहायचं त्याला स्टँड, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. पुढं सायकल व्यायामाची झाली, शनिवार-रविवारची झाली, मग ग्रॅम मोजायला लागले. साइड स्टँड साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं, दोन पायांचं सहाशेच्या आसपास. मी दोन लिटर दूध, बटाटे आणि मागच्या सीटवर साडेतीन वर्षांची लेक घेऊन जाते. मला तीनशे ग्रॅमचं काय सांगता?

चोरीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि मला तो उगाच उडवून लावायचा नाही. केंब्रिज सायकलचोरीसाठी बदनाम आहे. नुसतं चाकाचं कुलूप लावून स्टँडवर उभी केलेली सायकल इथं उचलून गाडीत टाकतात. म्हणून जाड डी-लॉकनं, म्हणजे 'डी'च्या आकाराच्या कुलपानं, ती कशाला तरी जखडावी लागते. त्यासाठी रस्त्यावर उलट्या 'यू'च्या आकाराचे पाइप रोवलेले असतात, त्यांना शेफील्ड स्टँड म्हणतात. सायकल त्यालाच टेकते, त्यालाच बांधतात. मग तिचं स्वतःचं स्टँड कशाला? ऑफिसात आठ तास ठेवायची असेल तर खरंच नको. पण दिवसभरात आपण आठ-आठ तास किती वेळा थांबतो? मी थांबते ते दार उघडायला, लेकीचं हेल्मेट सरळ करायला, मिल रोडवर कोथिंबिरीची जुडी घ्यायला. हातात पिशवी, पिशवीत अंडी, आणि सायकल कमरेनं तोलून धरलेली. इथल्या बायका हे इतक्या सफाईनं करतात की बघत राहावं. मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

मागच्या उन्हाळ्यात नेदरलँड्सला गेलो तेव्हा मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. उट्रेख्त स्टेशनखालचा सायकलतळ 12,500 सायकलींचा, जगातला सर्वांत मोठा, दोन-दोन मजली रॅक. तिथं स्टँड लागत नाही. पण बाहेर गल्लीत, बेकरीसमोर, कालव्याच्या कडेला सुटाबुटातली माणसं उतरतात, टाचेनं स्टँड पाडतात, मागच्या चाकाचं कुलूप फिरवतात आणि आत जातात. साठीच्या बायका, वकील, डॉक्टर, कुणालाही ते पोरकट वाटत नाही. नवरा म्हणाला, "त्यांचा देश सपाट आहे म्हणून जड सायकली चालतात." मी म्हटलं, केंब्रिज काय सह्याद्रीत आहे का?

शेवटी स्टँड मागवलं, ऑनलाइन, दोन पायांचं. दुकानानं बसवायला नकार दिला होता, म्हणून आम्हीच बसवलं. जे बसवणार असतील त्यांच्यासाठी सांगते. पायडलच्या मागं, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये आडवी पट्टी असेल तर तिच्या भोकात बोल्ट जातो आणि काही चेपत नाही. माझ्या सायकलला ती पट्टी निघाली, दुकानातल्या पोरानं वाकून बघितलंच नव्हतं. पट्टी नसेल आणि क्लॅम्पच आवळायचा असेल तर ॲल्युमिनिअमच्या नळीला जपा. पाय लांबच येतात, ते कापावे लागतात. एकदम कापू नका, थोडे थोडे कापा. साइड स्टँड लावणार असाल तर ते फार लांब राहिलं की सायकल ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकीनं दुसऱ्या अंगाला आडवी होते, आखूड झालं तर डावीकडं इतकी कलते की टोपलीतलं सामान बाहेर. रस्ता कडेला उतरता असतो, तेव्हा डावीकडंच उतार आला तर सायकल वळवून लावायची. पार्कर्स पीसच्या हिरवळीवर, म्हणजे रणजी करंडक ज्यांच्या नावाचा ते रणजितसिंहजी जिथं क्रिकेट खेळायचे त्या मैदानावर, पावसानंतर एकेरी पाय मातीत रुततो. दोन पायांचं तितकं रुतत नाही. पुढं टोपली असेल तर हँडल गर्रकन फिरून सायकल पडते, म्हणून चाक सरळ धरणारी छोटी स्प्रिंग मिळते, ती घ्या. आणि कितीही भक्कम वाटलं तरी मूल मागच्या सीटवर बसलेलं असताना सायकल सोडून जायचं नाही. आधी मूल उतरवायचं, मग पिशव्या.

पुण्यातला माझा भाचा सिंहगडापर्यंत सायकलनं जाणाऱ्यांतला. त्याला फोटो पाठवला तर त्यानं हसण्याचे चार चेहरे पाठवले. "मावशी, चांगल्या सायकलला स्टँड?" म्हणजे दुकानातल्या पोराचं वाक्य पुण्यातही पोचलंय. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातनं हे ऐकावं लागलं याचं जास्त वाईट वाटलं. इंग्रजांचं सोडा, ते कधीच विसरून गेलेत.

नवऱ्याची सायकल कार्बनची आहे. कार्बनला क्लॅम्प आवळला तर नळी तडकू शकते, त्यामुळे तिला स्टँड लावता येत नाही हे मला मान्य आहे. ती किती हलकी आहे ते तो पाहुण्यांना एका हातानं उचलून दाखवतो. तांदळाची दहा किलोची पिशवी आणायची असली की मात्र माझी सायकल घेऊन जातो.