आईनं आवाज ओळखला

मे महिन्यातली दुपार. लाईट गेलेली, कूलर बंद. गावाकडच्या घरी ओसरीत बसून मी पीएचडीसाठी घेतलेली एक मुलाखत टाइप करत होते. इयरफोनची एक बाजू आदल्या दिवशीच मेली होती, म्हणून स्पीकरवर ऐकत होते, आवाज अगदी बारीक ठेवून. आई आत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दोन-तीन मिनिटं झाली असतील, आतूनच म्हणाली, "ही अमक्याची थोरली सून ना गं?"

मी खाडकन लॅपटॉप मिटला.

बरोबर ओळखलं होतं तिनं. आमच्या गावापासून त्या बाईचं गाव बरंच लांब, पण आईच्या माहेरकडची कुठलीशी नातीगोती तिथं आहेत. कशावरून ओळखलं ते मी नंतर विचारलं. तिनं सांगितलंही. इथं लिहीत नाही, लिहिलं तर वाचणाऱ्यांपैकी अजून कुणीतरी ओळखेल.

तोपर्यंत मी स्वतःला फार व्यवस्थित समजत होते. रेकॉर्डिंग व्हेराक्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरच्या कुलपात, पासवर्ड बावीस अक्षरांचा, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीपुढं 'माहिती संपूर्ण गोपनीय राहील' असं लिहून दिलेलं. आणि ती माहिती शेंगा फोडता फोडता फुटली.

विषय सांगते म्हणजे एवढं घाबरायचं कारण कळेल. मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांवर पीएचडी करतेय. तालुका सांगणार नाही. बायका 'गर्भाशय' म्हणत नाहीत, 'पिशवी काढली' म्हणतात. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडे पेपरात आले, विधिमंडळात चर्चा झाली. मला त्याच्या पुढचं हवं होतं. ऑपरेशनला पैसे कुणी दिले, ते मुकादमाच्या उचलीत, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांत, धरले का, खाडा पडू नये म्हणून किती जणींनी पाळीचा जाचच संपवून टाकला, आणि त्यानंतर कंबर धरली तेव्हा मोळी कुणी उचलली. हे बोलणं म्हणजे नवऱ्याचं, सासूचं, मुकादमाचं, डॉक्टरचं, सगळ्यांचंच निघतं. पुढच्या हंगामाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईच्या तोंडून काही बाहेर गेलं तर कोयताच बसतो, म्हणजे दोघांचंही काम जातं.

पहिली चूक माझी संमतीपत्राची. छापील फॉर्म, खाली सही किंवा अंगठा, शेजारी नाव, गाव, तारीख. पहिल्या चौदा जणींकडून मी ते घेतले. पंधरावी कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारात उभी होती, कागद बघून मागं सरली. म्हणाली, "एकदा अंगठा दिलाय मुकादमाला. अजून फिटंना." मी समजावायला लागले आणि बोलता बोलता मलाच कळलं की ती म्हणते ते खरं आहे. माझ्या सगळ्या कामात बाईचं खरं नाव आणि माझा विषय एकत्र असलेला कागद एकच, आणि तो मीच तिच्या संरक्षणासाठी म्हणून तयार केला होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमिटीची परवानगी असेल तर तोंडी संमतीची सोय आहे. मी अर्ज केला. दोन महिने गेले, एका सदस्यांनी "मग पुरावा काय?" असं तीनदा विचारलं, पण मिळाली. आता बाई रेकॉर्डरवर 'व्हय, बोलते' म्हणते, नाव घेत नाही. ते चौदा कागद मावशीच्या गोदरेजच्या कपाटात आहेत, कुठल्या बाईला कुठला कोड दिला त्या यादीच्या वहीबरोबर. कपाटाची किल्ली मावशीकडं, रेकॉर्डिंग माझ्याकडं. मावशीला वाटतं त्यात माझ्या लग्नाच्या स्थळांचे कागद आहेत. असू दे.

त्या चौदा कागदांचीही एक गोष्ट आहेच. फॉर्म हरवायला नकोत म्हणून मी तिथंच, बाईच्या हातात कागद देऊन, त्यांचे फोनवर फोटो काढून ठेवले होते. चार दिवसांनी पुण्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. "मावशी, तू ऊस तोडायला गेली होतीस का? ही कोण बाई? हिच्या अंगठ्याला शाई का लागलीय?" लॉकडाऊनमध्ये त्याला शाळेच्या व्हिडिओंसाठी टॅबलेटवर माझं गूगल खातं उघडून दिलं होतं. बंद करायचं राहिलं. फोन रोज रात्री वायफाय मिळालं की सगळे फोटो वर चढवत होता आणि तिथं सात वर्षांचा मुलगा ते बघत होता. प्रत्येक फोटोबरोबर तो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांशही होते, म्हणजे कोपी नकाशावर बोट ठेवून दाखवता आली असती. मी खात्यातून सगळी उपकरणं बाहेर काढली, फोटो पुसले, कचरापेटीतूनही पुसले, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं. भाच्याला काय सांगायचं ते मात्र सुचेना. "शाळेचं काम आहे रे" म्हणाले. त्याला ते पटलं. तो 'मोठ्या शाळेत' जाणाऱ्या मावशीकडं तसाही दयेनंच बघतो.

त्यानंतर फोनवर काहीच नाही. साधा रेकॉर्डर घेतला, ज्याला इंटरनेट माहीतच नाही. फाईलला नाव फक्त कोड, क-०१, क-०२ असं. आधी मी फाईलला बाईचं नाव आणि गाव द्यायची, आणि त्या फाईलींचाच पेन ड्राइव्ह फॉर्म छापायला झेरॉक्सच्या दुकानात लावायची. दुकानदार स्क्रीनवर फाईल शोधताना सगळी यादी वर-खाली करायचा. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. रेकॉर्डरचं कार्डही नुसतं डिलीट करून भागत नाही. डिलीट केलं की फाईल जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि तिथं नवं काही लिहिलं जाईपर्यंत फुकटातलं सॉफ्टवेअरसुद्धा ती परत काढून देतं. म्हणून मुलाखत लॅपटॉपवर कुलपात गेली की कार्ड फॉरमॅट करून मी त्यावर काठोकाठ कीर्तनं भरते. कुणाच्या हाती लागलंच तर त्याचं भलंच होईल.

टायपिंगचं सांगायचं राहिलं. एक तासाच्या बोलण्याला मला सहा-सात तास लागतात. एकतीस मुलाखती आहेत. हॉस्टेलवरच्या सगळ्यांनी सांगितलं, ऑनलाइन टाक, मशीन करून देतं. मी माझ्याच आवाजात दोन वाक्यं बोलून पाहिली. त्यानं 'कोपी'चं 'कॉपी' केलं. ते सुधारता आलं असतं, पण ऑनलाइन टाकायचं म्हणजे तो आवाज कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, तिथं किती दिवस राहणार, कशाला वापरणार, ते त्यांच्या इंग्रजी अटींच्या चाळीस पानांत. बाईला मी सांगितलेलं असतं, "हे माझ्याकडंच राहील." म्हणून बसून टाइप करते. म्हणूनच त्या दुपारी ओसरीत बसले होते.

मुकादमांचं एक बरं असतं, ते सरळ विचारतात. एका फडावरून परतताना एकानं मला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं. दुसरं वाहन नव्हतं. वाटेत म्हणाला, "मॅडम, उचलीचं काय म्हणली ती? आपलं माहितीसाठी." पिशवीत रेकॉर्डर, त्यात तिचं सव्वा तासाचं बोलणं, आणि मी त्याच्याच गाडीवर. "वाढ्याचा भाव काय चाललाय, तेच विचारत होते," म्हणाले. उसाच्या वाढ्यावर, म्हणजे जनावरांना घालायच्या शेंड्यांवर, पुढं तो फाटा येईपर्यंत बोलला.

गाईड वेगळ्या पद्धतीनं विचारतात. सरांना 'मूळ डेटा' हवा होता, विभागाच्या संगणकावर ठेवायला. त्या संगणकाचा पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला आहे. माझी बोलायची टाप नव्हती. पण सर आहेत अभ्यासू. त्यांनीच वर्गात अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या टेप्सची गोष्ट सांगितली होती, तीच मी त्यांच्यापुढं काढली. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात बंदुका हाती घेतलेल्या माणसांच्या २००१ ते २००६ या काळात मुलाखती झाल्या, जिवंत असेपर्यंत टेप उघडणार नाही या शब्दावर. २०११ मध्ये तिकडच्या पोलिसांसाठी अमेरिकेतल्या कोर्टाची समन्स आली आणि काही टेप द्याव्या लागल्या. त्यातूनच २०१४ मध्ये शिन फेन या तिकडच्या पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स यांना चौकशीसाठी अटक झाली, चार दिवसांनी आरोप न ठेवता सोडलं. दिलेला शब्द कोर्टात टिकला नाही. आपल्याकडंही भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ९४ खाली कोर्ट किंवा पोलीस ठाण्याचा अधिकारी कागद, इलेक्ट्रॉनिक नोंदी, फोनसुद्धा हजर करायला सांगू शकतो. अशिलाचं बोलणं राखायला वकिलाला कायद्याचं कवच आहे. पीएचडीवाल्याला नाही. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोड केलेलं दे. मूळ तुझ्याकडं ठेव." तेव्हापासून बाईला सांगताना मी एक वाक्य वाढवलंय: कोर्टानं मागितलं तर माझं काही चालणार नाही. दवाखान्याचं नाव निघणार असं दिसलं की रेकॉर्डर बंद करते.

आईच्या प्रसंगाचं मी एक पानी टिपण करून कमिटीला दिलं. तिथल्या क्लार्कला ते कुठल्या फाईलला लावायचं तेच कळेना. त्या बाईकडंही जाऊन सांगितलं, की असं असं झालं, माझ्या आईनं तुमचा आवाज ऐकला. ती भाकरी थापत होती. हात थांबला. "किती ऐकलं?" म्हणाली. मी सांगितलं, सुरुवातीचं, माहेरचं बोलत होता तेवढं. मग परात फिरवत म्हणाली, "तुही आई कुणापशी बोलती का?" मी नाही म्हणाले. आईनं खरंच कुणाला सांगितलेलं नाही. पण आता लग्नकार्यात ती बाई दिसली की आई तिच्याकडं जरा जास्तच मायेनं बघते, आणि ते मला बघवत नाही.

आता लिखाण चाललंय आणि नावं बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेत दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. आमच्याकडं जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते, पण 'तीन मुली, धाकटी अपंग, नवरा ट्रॅक्टरवर' एवढं लिहिलं की पारावरचा कुणीही घर दाखवेल. म्हणून एका बाईच्या मुली मी दोन केल्या. एकीचं वय चार वर्षांनी सरकवलं, ऑपरेशनचं वर्षही. किती बदललं की ते खोटं होतं, यावर सरांचं आणि माझं रोज भांडण. आणि परवा ऋणनिर्देश लिहिताना लक्षात आलं की आत गावाला टोपणनाव देऊन पहिल्याच पानावर मी तिथल्या आशाताईंचे आणि सरपंचांचे नावानिशी आभार मानलेत. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढणार, कुणीही घरबसल्या उघडणार. आभार खोडले. आशाताईंना फोन केला, त्या रुसल्या. त्यांच्या पोराला दाखवायचं होतं म्हणे.

क-११ चं प्रकरण अजून मिटलेलं नाही. तिला मी म्हणाले, ताई, तुमचं नाव बदलून टाकू, तुम्हीच एखादं सांगा. बाकीच्यांनी हौसेनं सांगितली होती, दोघींनी तर एकाच नटीचं नाव मागितलं. ही भडकली. "माहं नाव कामून बदलती? म्या काय चोरी केली का? ज्यानं कापलं त्यानं तोंड लपवावं. लिही माहं नाव, बापाचंबी लिही." खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग हळूहळू सुचलं ते असं, की हिची जाऊ त्याच टोळीत आहे, ती क-१२. हिचं नाव आलं की तिचं झाकलेलं उघडं पडतं, आणि जावेनं सासूपासून काय लपवलंय ते हिलाही माहीत नाही. ते मी हिला सांगू शकत नाही. म्हणून मी फक्त "नियम आहे ताई" म्हणाले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसं कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या माणसाकडं बघतात.

तिचं सगळं बोलणं प्रकरण चारमध्ये घेतलंय, पान १४३ ते १५१, एक शब्द न बदलता. खाली क-११. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, त्याच्या आत प्रत घेऊन तिला दाखवायला जायचंय. तिला वाचता येत नाही. मुलगी आठवीत आहे, ती वाचून दाखवेल.