शपथेच्या टेबलावर अडकलेलं प्रतिज्ञापत्र

आईच्या नावाने वारस दाखल्याचा अर्ज करायचा होता, ठाण्यात. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा. मृत्यू दाखला, वारसांची यादी, कोर्ट फी हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर, आणि तेही शपथ देणाऱ्या टेबलापाशी.

शपथ कोण देऊ शकतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३९ मध्ये आहे: न्यायालय किंवा दंडाधिकारी, नोटरी, आणि त्या कामासाठी रीतसर नेमलेला अधिकारी. म्हणजे कोर्टात बसलेल्या कुठल्याही लिपिकाचा शिक्का चालत नाही. नेमलेला अधिकारी रजेवर असला की शेजारचा माणूस ‘उद्या या’ म्हणतो, आणि त्याचं बरोबरच असतं. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: आज शपथ कोण देणार आणि किती वाजेपर्यंत, हे दारावर कुठेच लिहिलेलं नसतं.

हा अधिकारी मजकूर खरा की खोटा ते बघत नाही. अमुक व्यक्ती, अमुक तारखेला, माझ्यासमोर आली, तिची ओळख पटली आणि तिने शपथेवर सांगितलं, एवढंच तो प्रमाणित करतो. त्याच्या सगळ्या हरकती यातूनच निघतात. घरून सही करून नेलेला कागद परत येतो, कारण सही त्याच्यासमोर झालेली नसते. तारीख आधी टाईप करू नका, जागा मोकळी ठेवा. बाकी कुठेही कोरी जागा नको, आडवी रेघ मारा. खाडाखोडीशेजारी शपथकर्त्याची छोटी सही हवी आणि अधिकाऱ्याचीही. सही प्रत्येक पानावर.

सर्वात जास्त वेळ ओळखीत गेला. ‘शपथकर्त्यास मी ओळखतो’ याखाली वकिलांची सही होती, पण वकील दुसऱ्या कोर्टात उभे. आधार कार्ड पुढे केलं तरी वकील समोर हवेत, हेच उत्तर. म्हणून बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, सुरू होण्याआधीच वकिलांना टेबलापाशी आणावं. एकदा पुकारा झाला की ते कधी सुटतील, हे त्यांनाही माहीत नसतं.

दुसरी गाठ भाषेची. वकिलांच्या कचेरीतला साचा इंग्रजी, आईची सही मराठी. मजकूर मराठीत वाचून, समजावून सांगितला असा शेरा नसेल तर कागद तिथेच थांबतो. त्यापेक्षा प्रतिज्ञापत्र मराठीतच करा, जिल्ह्याच्या न्यायालयांची भाषा मराठीच आहे. अंगठा असेल तर हा शेरा तर हवाच.

पडताळणीचा परिच्छेदही नीट बघा. कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कुठले दुसऱ्याकडून कळलेले, हे वेगळं लिहावं लागतं. ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ एवढ्यावर भागवणारे साचे बाजारात पुष्कळ आहेत. खोट्या शपथेला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा ऐकीव गोष्ट स्वतःच्या माहितीत घालू नका.

स्टॅम्पचं राहिलंच. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक झाला, म्हणून विक्रेते सरसकट तोच गळ्यात मारतात. कोर्टात दाखल करण्यासाठीच केलेल्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो.

आणि एवढी रांग कशाला? १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेल्या नोटरीसमोरची शपथ दिवाणी कोर्टात तितकीच चालते. फक्त मुदत न संपलेला नोटरी निवडा. गोल शिक्क्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे, आणि त्याच्या रजिस्टरचा अनुक्रमांक कागदावर पडला पाहिजे. माणूस न बघता शिक्का मारून देणाऱ्यांकडे जाऊ नका, पुढे वाद झाला तर पहिल्यांदा रजिस्टरच मागवलं जातं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नोटरी आपल्या क्षेत्रात घरीही येतात. येताना रजिस्टर आणायला सांगा, त्यातही सही लागते.