कॉफीच्या पेटीची फाइल का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊ, त्या कॉफीच्या पेटीची फाइल देऊन द्या न, अमरावतीला कापून घेतो." हा निरोप इतक्या वेळा आलाय की आता एकदाच लिहून टाकतो. फाइल म्हणजे कॉफीचं सामान न्यायच्या लाकडी पेटीचे भाग लेझर यंत्रानं कापायचा आराखडा. लपवून ठेवावं असं तिच्यात काही नाही. आधी मागेल त्याला देत होतो. आता मापं देतो, तयार फाइल देत नाही.

मापं ही घ्या. बाहेरून ३२० × २०० × १८० मिमी. बाजू, तळ आणि सरकतं झाकण ६ मिमी प्लायवूडचं, आतले कप्पे ३ मिमीचे. एरोप्रेस (हातानं दाबून कॉफी गाळायची नळी), हातचक्की, दोन पेले, छोटी किटली आणि घडीची शेगडी बसते. रिकामी पेटी सव्वा किलोच्या आसपास, भरली की तीन. पाणी वेगळं न्यायचं.

आता फाइलचं. पेटीत एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसतात. जुन्या फाइलमधल्या खाचा मी ५.८ मिमीवर बेतल्या होत्या, कारण माझी शीट तेवढी भरली होती. दुकानातली 'सहाची' शीट व्हर्नियरखाली (बारीक मापाच्या पट्टीखाली) सहा भरेलच असं नाही. एकानं फाइल नेली, त्याची शीट ५.४ निघाली. लेझरनं ०.२ मिमी लाकूड जळतं, रेषेच्या दोन्ही अंगांना ०.१. म्हणजे ५.८ ची खाच झाली ६.० आणि तिच्यात ५.४ ची शीट, ०.६ मिमी सैल. त्यानं ती फट सुताराच्या पांढऱ्या गोंदानं भरली. घरात पेटी भक्कम वाटली. मग मे महिन्यात मोटरसायकलच्या कॅरिअरवर बांधून वावरात गेली, दुपारभर उन्हात राहिली. उचलायला गेला तर मूठ हातात आली. पेटी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आपटली, तळ उघडला, शेगडीचा गॅसचा डबा बाहेर पडला. डबा फुटला नाही, पण फुटू शकला असता.

ती पेटी माझ्याकडे आली तेव्हा सुटलेले दाते भिंगाखाली धरले. गोंद नुसत्या लाकडाला लागलाच नव्हता. लेझरनं काळी झालेली कड तशीच होती आणि गोंदाची साल तो कोळशाचा थर घेऊन निघाली होती. गोंद कोळशाला चिकटतो, पण कोळसा लाकडाला धरून राहत नाही. त्यात पांढरा गोंद उष्णतेनं मऊ पडतो. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ वर जातो, उन्हात ठेवलेलं लाकूड त्याहून पुष्कळ तापतं. अशा वेळी भाराखालचा सांधा हळूहळू सरकतो, आणि फट जितकी जाड तितका जास्त.

तेव्हा मी म्हणालो होतो की चूक शीटची. आज तसं म्हणवत नाही. 'आधी शीट मोजा' हे तीन शब्दांचं काम मी फाइलवर केलं नव्हतं. शिवाय लाकडी पेटीत स्क्रू नको, हा हट्टही माझाच होता.

म्हणून आता क्रम असा. शीट चार कोपऱ्यांत मोजा. मग त्याच शीटच्या कडेला, त्याच वेगावर, १० मिमीच्या दहा पट्ट्या एकमेकींना लागून कापा, दाबून एकत्र धरा आणि मोजा. ९८.२ भरल्या तर लेझर ०.१८ खातो. बाहेरच्या रेषा याच्या निम्म्यानं बाहेर, खाचांच्या रेषा निम्म्यानं आत. खात्रीसाठी ०.१ च्या फरकानं आठ-दहा खाचांची फणी कापा. हाताच्या दाबानं बसेल त्याहून ०.१ घट्ट खाच धरा, कारण काळी कड १२० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासायची आहे आणि घासलं की दाता बारीक होतो. मुठीचा भार गोंदावर ठेवू नका, ४ मिमीचे नट-बोल्ट लावा. तळ खालून चिकटवायचा नाही, बाजूंच्या आरपार खाचांत अडकवायचा.

मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) चांगला म्हणून लेझरवाल्याकडे नेऊ नका. त्यातल्या फिनॉलच्या गोंदावर लेझर अडखळतो, कड करपते आणि मधेच न कापलेले डाग राहतात. एमडीएफ एका पावसात फुगतं. आतून रेक्झिन लावायचं तर ते कात्रीनं कापा. रेक्झिनमध्ये पीव्हीसी असेल तर लेझरखाली विषारी, आम्लधर्मी धूर निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्रालाही.

बरेच जण ही पेटी चिखलदऱ्याला न्यायची म्हणतात. तिथं कॉफी पिकते, हौस मला समजते. पण परतवाड्यापुढच्या घाटात गाडी उन्हात बंद करून ठेवलीत तर गॅसचा डबा पेटीत राहू देऊ नका. त्याची मर्यादा ५० अंशांची आहे.

झाकणाचं अजून जमलेलं नाही. दोन्ही बाजूंना ०.५ मिमी मोकळं ठेवलं तर श्रावणात अडकतं, ०.८ ठेवलं तर उन्हाळ्यात खडखडतं. कडांना आधी, मग बाकीला असे वॉर्निशचे दोन हात दिले तरी फरक थोडाच पडला. बोल्टचंही तसंच. ते मला आजही आवडत नाहीत, आणि काढायची हिंमतही होत नाही.

तुमच्या शीटची चार मापं आणि पट्ट्यांची बेरीज पाठवा. खाचा त्याप्रमाणे बदलून देतो.