झेड ड्राइव्हवरची लाल फुली

बुधवार, रात्री

तुळशीची लग्नं लागली की छापखान्यात कोणाला श्वास घ्यायला सवड नसते, आणि नेमका अशाच वेळी सकाळी फोन आला, "झेड ड्राइव्ह उघडत नाही." पत्रिकांच्या सगळ्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली, गणपतीची चित्रं, जुन्या गिऱ्हाइकांचे मजकूर असं सगळं त्या नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या सामायिक डिस्कच्या, डब्यात. मशीनवर तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो, आणि आज त्यावर लाल फुली होती. डीटीपीच्या, म्हणजे पत्रिकांची मांडणी करायच्या, दोन्ही मशीनवर रात्री विंडोज ११ चा मोठा अपडेट बसला होता.

मी पोचेपर्यंत मालकांच्या पुतण्याने राउटर, स्विच, नॅस सगळं बंद-चालू करून पाहिलं होतं, केबलही बदलली होती. पिंग जात होतं, म्हणजे डबा हाकेला ओ देत होता, आणि फाइली ज्या वाटेने येतात तो ४४५ पोर्टही उघडा होता. काउंटरवरच्या विंडोज १० वर तर तोच फोल्डर एका क्लिकमध्ये उघडला. म्हणजे डबा ठणठणीत होता.

डीटीपीच्या मशीनवरचा संदेश मालकांना मराठीत सांगितला: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना विनाओळख प्रवेश नाही. त्यावर ते म्हणाले, "आमची कसली संस्था? मी आणि चार पोरं!" त्यांचं काही चुकलं नाही. हे असले संदेश लिहिणाऱ्यांनी एकदा एखाद्या छापखान्यात बसून बघावं.

खरं कारण साधं आहे. नॅस बसवणाऱ्याने कटकट नको म्हणून फोल्डर बिनपासवर्डचा ठेवला होता. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो असं गेस्ट म्हणून आत जाणं मुळातच बंद ठेवतं, शिवाय नॅसशी होणाऱ्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागतं. ही सही बनते लॉगिनच्या पासवर्डपासून निघालेल्या किल्लीने. पासवर्डच नाही तर किल्ली कुठली आणि सही कुठली! सही नसेल तर मधल्यामध्ये कोणी निरोप बदलला तरी पत्ता लागत नाही.

पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा द्यायच्या खिडकीत, दोन ओळी टाका, सहीची सक्ती बंद, गेस्ट चालू, काम फत्ते. चालतं ते, खोटं नाही. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच ४४५ पोर्टवरून एका मशीनमधून दुसऱ्यात पसरला होता. तेव्हाची फट वेगळी होती, ती बुजवणारा पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता. तरीही ज्या डब्यात दहा-बारा वर्षांचं काम आहे, तिथे कुलूप काढून ठेवायला माझा हात धजत नाही.

मग नॅसवर डीटीपी नावाचं खातं काढलं, पासवर्ड दिला, गेस्ट बंद केलं. तरी दार उघडेना. विंडोज आपलं जुनं नाव धरून बसलं होतं, आणि एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही म्हणून कुरकुरत होतं. नेट यूज या आज्ञेने जुन्या जोडण्या तोडल्या, विंडोज जिथे पासवर्ड जपून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नवं नाव भरलं. नावाआधी नॅसचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागली, नाहीतर विंडोज ते खातं स्वतःच्याच मशीनवरचं समजतं. फुली गेली. ऑपरेटर ताईंनी मला खुर्चीवरून जवळजवळ उठवलंच, त्यांच्या दोन पत्रिका दुपारी प्लेटला जायच्या होत्या.

स्कॅनरने मात्र वेळ खाल्ला. तो स्कॅन थेट डीटीपीच्या मशीनवर टाकायचा, आणि आता ते मशीनही येणाऱ्याकडे सही मागतं. म्हाताऱ्या स्कॅनरला सही येत नाही. शेवटी नॅसवर फक्त स्कॅनसाठी वेगळा फोल्डर आणि वेगळं खातं केलं, आणि स्कॅनरला एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने तिकडे वळवलं. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, हे माहीत आहे. पण त्या खात्याला दुसऱ्या कुठल्याच फोल्डरचा हक्क नाही, आणि नवा स्कॅनर मालक एवढ्यात घेत नाहीत.

काउंटरवरच्या विंडोज १० ला नवा पासवर्ड दिला. ते मशीन बदलायचा विषयही काढला, कारण त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलेत. "सीझन होऊ दे," म्हणाले. बिलाचंही तेच म्हणाले.